शेतात राबणारी बाई आकड्यांत का दिसत नाही? जालन्याच्या उदाहरणातून समजून घ्या

जालना जिल्ह्यात कापूस वेचायला, सोयाबीन खुरपायला, भोकरदनकडे मिरची तोडायला मुख्यतः बायकाच असतात. मग इथल्या शेतकऱ्यांत बायका किती? उत्तर कोणत्या पाहणीतून घ्यायचं, यावर ते बदलतं.

कृषी गणना वहितीदार मोजते, आणि महाराष्ट्रात तिचा आधार महसुली नोंदी असतो. 2015-16 च्या गणनेनुसार देशातल्या वहितीदारांत बायका होत्या सुमारे 14 टक्के. याउलट श्रमशक्तीची पाहणी (पीएलएफएस) सांगते की, काम करणाऱ्या ग्रामीण बायकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश शेतीत आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला कागदावरचं नाव मोजतो, दुसरा काम.

काम मोजतानाही बाई निसटते

श्रमशक्तीच्या पाहणीत प्रत्येकाला एक कोड मिळतो. घरच्या शेतात मजुरीशिवाय राबणारी बाई 'मदतनीस' ठरते, कोड 21. घरकाम सांभाळून चारा-सरपण गोळा करणारी कोड 93 मध्ये जाते आणि मग ती कामगारांतच धरली जात नाही. त्यातून घरातल्या सगळ्यांची माहिती अनेकदा एकच माणूस देतो. 'ती घरीच असते' एवढ्या एका वाक्यावर वेचणीचे तीन महिने पुसले जाऊ शकतात.

यावर उपाय म्हणून वेळेचा हिशोब घेतात. 2019 मध्ये देशभर वेळ-वापर पाहणी झाली. पहाटे 4 ते दुसऱ्या दिवशी पहाटे 4, अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला 299 मिनिटं, पुरुषांचा 97.

निर्णय कोणाचा?

2012 मध्ये शेतीतील महिला सक्षमीकरण निर्देशांक आला. त्यात एकाच घरातल्या बाई आणि पुरुषाला वेगवेगळं बसवून विचारतात: पीक कोणतं घ्यायचं हे कोण ठरवतं, जमीन-जनावरं कोणाची, आलेला पैसा कुठे जातो, गटात बोलता येतं का, कामाचा भार किती. वेगळं बसवणं हाच यातला कळीचा भाग. 'आम्ही दोघं मिळून ठरवतो' हे उत्तर नवऱ्यासमोर आणि नवऱ्यामागे सारखं येईलच असं नाही.

उत्पादनातली तफावत

जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार सारख्याच आकाराच्या शेतांत बायकांची उत्पादकता पुरुषांपेक्षा 24 टक्के कमी आहे. हा आकडा समाजमाध्यमांवर एकटाच फिरला, तर बायकांना शेती जमत नाही असा अर्थ निघतो. म्हणून संशोधक पुढचा हिशोब करतात: पाणी, खत, अवजारं, कर्ज सारखं असतं तर फरक किती उरला असता? कोरडवाहू जालन्यात हे सहज समजतं. पावसानंतर वाफसा आला की ट्रॅक्टरला रांग लागते. एकट्या बाईचा नंबर शेवटी आला तर पेरणी लांबते आणि उतारा घटतो. ही तफावत रांगेतली आहे, कसबातली नाही.

मजुरीचं मोजमाप तर आणखी अवघड. खुरपणी रोजावर असते, कापूस वेचणी किलोवर, त्यामुळे नुसता रोज विचारून तुलना होत नाही. जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल एकत्र, सहसा नवऱ्याच्या हातात. बाईची मजुरी वेगळी नोंदलीच जात नाही, मग तफावत काढायची कशातून?

याने फरक काय पडतो?

पीककर्ज, पीएम-किसान, शेतकरी ओळख क्रमांक, सगळं जमिनीच्या नोंदीशी बांधलेलं आहे. महिला किसान अधिकार मंचाने (मकाम) 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या 505 आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा सुमारे 40 टक्के बायकांच्या नावावर नवरा कसत असलेली जमीन झालेली नव्हती. शेत त्या कसत असल्या, तरी नोंदीत वहितीदार दुसराच.

पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची 'लक्ष्मी मुक्ती' योजना राज्यात 1992 पासून आहे. त्यासाठी नवऱ्यानेच तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो.