थकलेली पोटगी आणि सरलेले बालपण

मूल सज्ञान झाले की पोटगीचा विषय संपला, अशी अनेकांची समजूत असते. पुढील पोटगीपुरती ती बहुतांशी खरी आहे. परंतु मूल लहान असताना जी रक्कम द्यावयाची होती आणि दिली गेली नाही, तिचे काय? त्या काळात आईने दागिने गहाण ठेवून शाळेची फी भरली असेल, तर मुलाच्या अठराव्या वाढदिवशी ते कर्ज आपोआप फिटत नाही. या प्रश्नाला आपल्या कायद्याने कसकसे उत्तर दिले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी १८६९ साली भारतीय घटस्फोट कायदा झाला. विभक्त पतिपत्नींच्या अज्ञान मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. तथापि, मूळ कायद्यात एतद्देशीय पित्याचा मुलगा १६ वर्षे आणि मुलगी अवघी १३ वर्षे पूर्ण होईपर्यंतच अज्ञान मानली जाई. इतरांच्या अविवाहित मुलांना मात्र १८ वर्षांची मर्यादा होती. बालपण किती काळाचे, हे पित्याच्या वंशावरून ठरत होते!

पुढे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ नेही सर्व धर्मीयांना दंडाधिकाऱ्याचा दरवाजा खुला ठेवला. औरस व अनौरस असा भेद तेथे नव्हता. पण पोटगीची कमाल मर्यादा दरमहा ५० रुपये होती. १९७३ च्या संहितेत हेच कलम १२५ झाले. त्यातील ५०० रुपयांची मर्यादा २००१ साली रद्द झाली. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

हा मार्ग तातडीने निराधारांना आधार देण्यासाठी आहे. म्हणूनच त्याला एक कठोर अट जोडलेली आहे: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला पाहिजे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाचे दिलासे दिले. १९८९ च्या निकालात त्याने सांगितले की, तुरुंगवास हे वसुलीचे साधन आहे. तो भोगल्याने थकबाकी फिटत नाही. २००५ च्या निकालानुसार, वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असताना पुढे थकत जाणाऱ्या रकमेसाठी पुनःपुन्हा नवे अर्ज करावे लागत नाहीत.

दिवाणी हुकूमनाम्याची गोष्ट निराळी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त १२ वर्षांपर्यंत करता येते, आणि हप्त्यांच्या बाबतीत ही मुदत प्रत्येक हप्ता चुकल्यापासून मोजली जाते. म्हणजे मूल दहा वर्षांचे असताना चुकलेला हप्ता ते बावीस वर्षांचे होईपर्यंत मागता येतो.

दुर्दैवाने, लोकलज्जेमुळे किंवा समेटाच्या आशेने अनेक माता मागणी पुढे ढकलतात आणि त्यातच वर्ष उलटते. समेटाची आशा अवश्य बाळगावी. परंतु हुकुमाची प्रत, फीच्या पावत्या आणि न मिळालेल्या हप्त्यांची नोंद जपून ठेवावी व वकिलाचा सल्ला वेळीच घ्यावा. एका पालकाने दोघांचे ओझे वाहिले असेल, तर दुसऱ्याकडे त्याचा वाटा मागण्यात लाजण्याचे कारण नाही. ती भिक्षा नव्हे, ते येणे आहे.