प्रतिसादी लक्ष्ये

गोळी, छर्रा किंवा बाण लागताच पडणारी, फुटणारी, फिरणारी अथवा वाजणारी नेमबाजीतील लक्ष्ये. कागदी लक्ष्यावर नेम कोठे लागला, हे पाहण्यासाठी नेमबाजाला दुर्बिणीचा आधार घ्यावा लागतो किंवा गोळीबार थांबवून लक्ष्यापर्यंत जावे लागते. प्रतिसादी लक्ष्य हे उत्तर त्याच क्षणी देते. त्यामुळे मनोरंजनासाठी नेमबाजी करणाऱ्यांना आणि प्रेक्षकांनाही त्याचे आकर्षण वाटत आले आहे. मात्र लक्ष्याची हालचाल हा गोळीच्या परिणामाचा केवळ दिसणारा भाग असतो. या लक्ष्यांचा इतिहास मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरतो : प्रतिसाद देणारी वस्तू सजीव असावी की निर्जीव, आणि आघातानंतर उरलेली ऊर्जा कोठे जाते.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा : महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्य शिष्यांच्या परीक्षेसाठी झाडाच्या शेंड्यावर कारागिरांकडून करविलेला कृत्रिम भास पक्षी ठेवतात आणि अर्जुन त्याचे मस्तक बाणाने खाली पाडतो. इलियड या ग्रीक महाकाव्यात पट्रोक्लसच्या स्मरणार्थ भरविलेल्या खेळांत जहाजाच्या डोलकाठीला जिवंत पारवा बांधलेला असतो. एका धनुर्धराच्या बाणाने दोरी तुटते आणि दुसरा उडत्या पारव्याचा वेध घेतो. सजीव व निर्जीव लक्ष्यांच्या या दोन्ही परंपरा पुढे शतकानुशतके समांतर चालू राहिल्या.

मध्ययुगीन यूरोपात उंच खांबावर किंवा चर्चच्या मनोऱ्यावर लाकडी पोपट बसवून तो खाली पाडण्याच्या स्पर्धा होत. स्कॉटलंडमधील किलविनिंग येथील अशा स्पर्धेची परंपरा १४८३ पर्यंत मागे नेली जाते. जर्मन भाषिक प्रदेशांत नगररक्षक नेमबाजांच्या मंडळांनी हा खेळ उत्सवाच्या रूपाने जोपासला. धनुष्याच्या जागी आडधनुष्य आणि नंतर बंदूक आली, तरी लाकडी पक्षी कायम राहिला. पक्षी पाडणाऱ्याला त्या वर्षाचा ‘राजा’ म्हणून गौरविण्याची प्रथा आजही तेथे आढळते.

पारव्यांपासून मृत्तिका-तबकडीपर्यंत : अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पेटीतून सोडलेल्या जिवंत पारव्यांवर छऱ्यांच्या बंदुकीने नेम धरण्याचा खेळ रूढ झाला. लंडनमधील हर्लिंगम क्लब १८६९ मध्ये याच खेळासाठी स्थापन झाला. १९०० साली पॅरिस येथील ऑलिंपिक खेळांच्या वेळी जिवंत पारव्यांवरील स्पर्धा झाली आणि तीत बेल्जियमच्या लेआँ द लूंदेन याने २१ पक्षी टिपून पहिला क्रमांक मिळविला. या खेळाविरुद्ध लोकमत तीव्र होत गेले. हर्लिंगम क्लबने १९०५ मध्ये तो बंद केला आणि १९२१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये कोंडून सोडलेल्या पक्ष्यांवरील नेमबाजीला मनाई झाली.

पर्यायाचा शोध अमेरिकेत आधीच सुरू झाला होता. १८६० नंतरच्या दशकांत यांत्रिक फेकणीने हवेत उडविलेले काचेचे पोकळ गोळे वापरात आले. काही गोळ्यांत पिसे भरलेली असत, म्हणजे गोळा फुटताच पक्षी टिपल्याचा आभास होई. ॲडम बोगार्डस या नेमबाजाने १८७७ मध्ये सुधारित फेकणी व पृष्ठभागावर कंगोरे असलेला गोळा प्रचारात आणला. कंगोऱ्यांमुळे छरे गोळ्यावरून निसटून जात नसत. मात्र फुटलेल्या काचेचे तुकडे मैदानात साठून माणसांना व गुरांना इजा होई. सिनसिनॅटीच्या जॉर्ज लिगोव्स्की याने १८८० मध्ये भाजलेल्या मातीच्या तबकडीचे एकस्व मिळविले. पक्ष्याप्रमाणे तरंगत जाणारी ही तबकडी फार कठीण असल्याने छरे लागूनही अनेकदा फुटत नसे. म्हणून पुढे चुनखडीची पूड व डांबरापासून मिळणारा पिच यांच्या मिश्रणातून ठिसूळ तबकड्या तयार होऊ लागल्या. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील तबकडीचा व्यास ११० मिमी. व वजन सु. १०५ ग्रॅ. असते. तिच्यात माती नसली, तरी मृत्तिका-कबूतर हे जुने नाव टिकून आहे.

रायफलीची वेगळी समस्या : उडत्या तबकडीसाठी छऱ्यांची बंदूक योग्य ठरते, कारण छऱ्यांचा वेग लवकर ओसरतो आणि ते काही शे मीटरांत जमिनीवर येतात. रायफलीच्या गोळीचे तसे नाही. लहानशा .२२ काडतुसाची गोळीही योग्य कोनात सुटल्यास दीड किमी.पलीकडे जाऊ शकते. ॲडॉल्फ टॉपरवाइन याने १९०७ मध्ये टेक्ससमधील सॅन अँटोनिओ येथे .२२ रायफलीने हवेत फेकलेल्या ७२,५०० लाकडी ठोकळ्यांवर नेम धरला व त्यांपैकी फक्त ९ चुकविले. हा पराक्रम प्रसिद्ध आहे. परंतु प्रत्येक गोळी पुढे कोठेतरी पडतच होती. गोळी अडविण्यासाठी मागे काही नसताना रायफल वर रोखू नये, हा नियम आज सर्वत्र मानला जातो.

रायफलीसाठी प्रतिसादी लक्ष्ये प्रथम बंदिस्त जागेत लोकप्रिय झाली. पॅरिसच्या फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास अत्यल्प शक्तीचे काडतूस तयार केले आणि दिवाणखान्यातही नेमबाजी शक्य झाली. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीचे .२२ आखूड काडतूस आले. त्यानंतर जत्रांतील व बागांतील नेमबाजीच्या मंडपांत बिडाची बदके, फिरते तारे, घंटा व चिनी मातीच्या चिलमी यांची रेलचेल झाली. शिशाचे शिंतोडे बिडावरून परत येण्याचा धोका याच मंडपांत ध्यानात आला. त्यावर उपाय म्हणून आघाताबरोबर भुकटी होणाऱ्या गोळ्या बनविण्यात आल्या.

पोलादी आकृत्या : मोठ्या रायफलींच्या क्षेत्रात निर्णायक बदल मेक्सिकोत घडला. तेथे दूर अंतरावर बांधलेल्या जिवंत प्राण्यांवर नेम धरण्याची पैजेची प्रथा होती. १९४८ मध्ये मेक्सिको सिटी येथे प्राण्यांऐवजी पोलादी पत्र्यातून कापलेल्या आकृत्या वापरून स्पर्धा झाल्याचे मानले जाते. कोंबडी २०० मी., रानडुक्कर ३०० मी., टर्की ३८५ मी. आणि मेंढा ५०० मी. अशी अंतरे रूढ झाली. आकृती तिच्या बैठकीवरून खाली पडली, तरच गुण मिळतो. गोळी नुसती लागून भागत नाही. १९६० नंतरच्या दशकात हा खेळ ॲरिझोनात पोहोचला आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने त्याला मान्यता दिली. स्कीइंग व नेमबाजी यांचा संयोग असलेल्या बायॅथलॉन या खेळातही १९७८ पासून .२२ रायफल व ५० मी. अंतर स्वीकारले गेले. निजून ४५ मिमी. आणि उभ्याने ११५ मिमी. व्यासाच्या लक्ष्यांवर गोळ्या झाडतात. नेम लागताच काळ्या वर्तुळाच्या जागी पांढरी चकती दिसते.

आघाताचे गणित व सुरक्षितता : पोलादी लक्ष्य पडते, याचा अर्थ गोळीची सारी ऊर्जा ते पाडण्यात खर्च झाली, असा समज होतो. तो चुकीचा आहे. समजा, १० ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदाला ८०० मी. वेगाने २५ किग्रॅ. वजनाच्या मोकळ्या आकृतीवर आदळली, तर गोळीची गतिज ऊर्जा ३,२०० ज्यूल भरते. संवेगाच्या अक्षय्यतेनुसार आकृतीला सेकंदाला सु. ०.३ मी. एवढाच वेग मिळतो आणि तिची गतिज ऊर्जा दीड ज्यूलपेक्षाही कमी राहते. बाकीची जवळजवळ सर्व ऊर्जा गोळी चिरडण्यात, उष्णतेत आणि ठिकऱ्यांच्या वेगात जाते. नेमबाजाला आनंद देणारी हालचाल अशा प्रकारे अल्पांशाची असते. धोका उरलेल्या भागात असतो.

सपाट व कठीण पृष्ठभागावर गोळीच्या ठिकऱ्या बहुतांशी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर अशा चकतीच्या आकारात फेकल्या जातात. लक्ष्याचा वरचा भाग थोडा पुढे झुकविल्यास त्यांतील बराच भाग जमिनीकडे वळतो. परंतु साध्या, मऊ पोलादावर जोरदार गोळीने खड्डे पडतात. अशा खड्ड्याची कड पुढच्या गोळीच्या ठिकऱ्यांना दिशा देते आणि त्या नेमबाजाकडे परत येऊ शकतात. म्हणून ब्रिनेल मापनानुसार सु. ५०० कठिनतेचे पोलाद वापरतात आणि खड्डे किंवा भेगा पडलेली, वाकलेली लक्ष्ये बाद करतात. असे पोलादही आघाताचा वेग सेकंदाला सु. ९०० मी.पेक्षा अधिक असल्यास खराब होऊ लागते. पोलादी गाभ्याच्या व चिलखतभेदी गोळ्या त्यासाठी वर्ज्य मानतात. मोठ्या रायफलीसाठी किमान ९० ते १०० मी. अंतर, मागे मातीचा उंच बांध, नेमबाज व प्रेक्षक अशा सर्वांच्याच डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि कानांना आवाजरोधक, हे सर्वसाधारण संकेत होत. दगड, पाणी, काचेच्या बाटल्या, टाकाऊ यंत्रे यांवर गोळी झाडणे धोक्याचे असते, कारण गोळी कोणत्या दिशेने उसळेल हे सांगता येत नाही. गोळी आरपार गेल्यावर छिद्र बरेचसे मिटवून घेणारी बहुवारिकाची लक्ष्ये ठिकऱ्यांचा प्रश्न कमी करतात. मात्र त्यांच्या मागे बांध अधिकच आवश्यक ठरतो.

स्फोटक लक्ष्ये : १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत वेगवान रायफलीची गोळी लागताच स्फोट होणारी मिश्रणे मनोरंजनासाठी विकली जाऊ लागली. त्यांचे घटक वेगवेगळे विकले जातात आणि ग्राहक ते एकत्र करतो. अमेरिकेच्या संघीय कायद्याच्या दृष्टीने एकत्र केल्यानंतर ते स्फोटक ठरते. येथे प्रतिसादाचे स्वरूपच बदलते. पोलाद गोळीने आणलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक काही परत देऊ शकत नाही; स्फोटक लक्ष्य मात्र स्वतःतील ऊर्जा मोकळी करते आणि तिची मर्यादा मिश्रणाच्या राशीवर अवलंबून असते. जुनी यंत्रे किंवा वाहने यांत असे मिश्रण भरून उडविल्याने धातूचे तुकडे दूरवर फेकले जाऊन गंभीर दुखापती झाल्या आहेत.

दुसरा धोका वणव्याचा. अमेरिकेच्या वनसेवेने २०१३ मध्ये रॉकी पर्वत विभागातील आपल्या वनक्षेत्रांत स्फोटक लक्ष्यांना बंदी घातली. एप्रिल २०१७ मध्ये ॲरिझोनात, होणाऱ्या बाळाचे लिंग रंगीत धुराने जाहीर करण्यासाठी उडविलेल्या अशा एका लक्ष्यामुळे वणवा पेटला आणि सु. ४७,००० एकर (सु. १९,००० हे.) क्षेत्र जळाले. स्फोटकाशिवायही वणवा लागू शकतो : वनसेवेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पोलादी घटक असलेल्या व भरीव तांब्याच्या गोळ्यांच्या तप्त ठिकऱ्यांनी कोरडा पालापाचोळा पेटल्याचे आढळले. म्हणून कोरड्या ऋतूत पोलादी लक्ष्याभोवतीचे गवत काढून टाकणे आवश्यक मानतात.

भारतातील स्थिती : भारतात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या उभारणीत लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांचा पुढाकार होता. त्यांच्या नावाने अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा होते. तबकडीवरील नेमबाजीत बिकानेरचे कर्णीसिंह यांनी १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले. रायफलीची भारतीय परंपरा मात्र प्रामुख्याने कागदी व इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांची आहे. महाराष्ट्राच्या तेजस्विनी सावंत (जागतिक विजेतेपद, २०१०) आणि स्वप्निल कुसाळे (ऑलिंपिक कांस्यपदक, २०२४) यांचे यश याच प्रकारातले. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांमुळे रायफल परवान्याशिवाय बाळगता येत नाही. स्फोटके आणि अमोनियम नायट्रेट यांवर स्वतंत्र कायदे व नियम असल्याने स्फोटक लक्ष्यांना मनोरंजनात वाव नाही.

सर्वसामान्य मराठी माणसाचा प्रतिसादी लक्ष्याशी परिचय होतो तो जत्रेत किंवा चौपाटीवर, फळीवर ओळीने लावलेल्या फुग्यांच्या रूपाने. हवेच्या बंदुकीची शक्ती कमी असते आणि फुगा स्वतः काहीही परत फेकत नाही. तरीही त्यामागची फळी, छरा उसळू न देणारे आवरण, बाजूने कोणी न जाण्याची व्यवस्था आणि डोळ्यांचे संरक्षण यांची गरज तेथेही असते. लक्ष्य कोणतेही असो, ते उभारण्यापूर्वी गोळी लागल्यावर काय होईल याबरोबरच ती चुकल्यास कोठे जाईल, हे ठरविणे हा या क्रीडाप्रकारातील सुरक्षिततेचा पाया आहे.