जन्मांधांची स्वप्ने आणि संतचरित्र
अमरावती जिल्ह्यातील माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांना सर्रास जन्मांध म्हटले जाते. वस्तुतः त्यांची दृष्टी वयाच्या नवव्या महिन्याच्या सुमारास गेली. स्वप्नांच्या अभ्यासात हा फरक फारसा उरत नाही. जर्मनीतील हीरमान (१८३८) व अमेरिकेतील जॅस्ट्रो (१८८८) यांना असे आढळले, की पाचव्या वर्षापूर्वी अंध झालेल्यांच्या स्वप्नांत साधारणतः दृश्ये नसतात. असतात ते आवाज, स्पर्श, गंध. सातव्या वर्षानंतर दृष्टी गमावलेल्यांच्या स्वप्नांत मात्र दृश्ये टिकतात. महाराज ग्रंथ इतरांकडून वाचून घेत आणि स्वतःची रचना सांगून लिहवून घेत. त्यामुळे त्यांच्या लेखनातील रूपवर्णनांवरून त्यांना स्वप्नात रूप दिसत असे, असा निष्कर्ष चरित्रकारांनी काढणे योग्य नव्हे. रंगांची नावे त्यांनी कानांनीच मिळविली होती.