पूर्व लंडनची अपकीर्ती : वारा, नदी आणि नकाशा

इंग्लंडमधील जुन्या औद्योगिक शहरांत धनिकांची वस्ती बहुधा पश्चिमेकडे, आणि गरिबांची, म्हणून पुढे बदनाम ठरलेली वस्ती पूर्वेकडे, अशी विभागणी वारंवार आढळते. तिचे एक कारण फार पूर्वीच नोंदले गेले आहे. विल्यम पेटी याने १६६२ मध्ये करांविषयी लिहिलेल्या ग्रंथात असे निरीक्षण केले की, लंडनमध्ये वर्षाचा सुमारे तीन-चतुर्थांश काळ वारा पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळे पश्चिमेच्या घरांना पूर्वेकडील दाट वस्तीचा धूर व दुर्गंधी यांचा उपद्रव कमी होतो, आणि संपन्न लोक तिकडे सरकत जातात. पेटी हा वैद्यकाचा व गणिताचा जाणकार होता. वस्तीच्या बऱ्यावाईटपणाची मीमांसा त्याने रहिवाशांच्या चारित्र्यापासून न करता हवेपासून केली, ही गोष्ट पुढील दोन शतकांतील लेखन पाहता विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

तथापि, सर्व भार वाऱ्यावर टाकणे योग्य होणार नाही. पेटीच्या आधी एकच वर्ष, १६६१ मध्ये, जॉन ईव्हलिन याने लंडनच्या धुराविषयी एक पुस्तिका लिहून अशी सूचना केली होती की, साबण करणारे, चुन्याच्या भट्ट्या लावणारे व रंगारी यांना टेम्सच्या प्रवाहाच्या दिशेने पाच-सहा मैल खाली हलवावे. ती सूचना अमलात आली नाही. पण शहराला जे नकोसे असेल त्याची जागा पूर्वेस, ही कल्पना तीत गृहीतच धरलेली दिसते. त्याहून मागे, १५९८ मध्ये, जॉन स्टो याने वॉपिंगच्या किनाऱ्यावरील अरुंद बोळ व खलाशांच्या गरजा पुरविणाऱ्यांची खुराडेवजा घरे वर्णिली आहेत. ही वस्ती आपल्या हयातीत, गेल्या चाळीसेक वर्षांत, उभी राहिली असे तो खेदाने सांगतो. तेव्हा कारखान्यांचा कोळशाचा धूर जवळजवळ नव्हताच. पण चाच्यांना फाशी देण्याची जागा मात्र वॉपिंगलाच होती. बंदर शहराच्या खालच्या अंगास आणि नगराच्या तटबंदीबाहेर, एवढ्याने सुरुवात झाली होती.

उलटपक्षी, सगळा पूर्व भाग दरिद्री होता असेही नाही. स्टेपनीत जहाजांचे कप्तान व सधन व्यापारी राहत. स्पिटलफील्ड्समध्ये अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रेशमाच्या व्यापाऱ्यांनी व फ्रेंच ह्यूगेनॉट विणकरांनी बांधलेली घरे आजही पाहण्यासारखी आहेत. विणकरांच्या मजुरीस संरक्षण देणारे कायदे १८२४ मध्ये रद्द झाले, १८२६ पासून परदेशी रेशमास बाजार मोकळा झाला, आणि तीच घरे खोली-खोलीने भाड्याने दिली जाऊ लागली. येथे वाऱ्याचा काही संबंध नव्हता.

लोकांना त्या जागेशी जखडून ठेवण्याचे काम गोद्यांनी केले. वेस्ट इंडिया गोदी १८०२ मध्ये, लंडन गोदी १८०५ मध्ये आणि सेंट कॅथरिन गोदी १८२८ मध्ये सुरू झाली. गोदीतील काम तासावर मिळे. जहाज आले की दरवाजापाशी जमलेल्या गर्दीतून मजूर निवडले जात, उरलेले रिकाम्या हाताने परत जात. अशा मजुराला दरवाजापासून दूर राहणे परवडणारे नव्हते. पहाटेची हाक चुकली की दिवस बुडाला. १८८९ च्या प्रसिद्ध संपातील मागणी ताशी सहा पेन्स एवढीच होती, आणि निदान सलग चार तासांचे काम मिळावे अशी तिला जोड होती. ज्यांना पश्चिमेकडे सरकता येत होते ते सरकले. ज्यांची भाकरी गोदीच्या दरवाजाशी बांधलेली होती ते राहिले. त्यांच्यात दूरदेशीचे खलाशीही होते. आशियाई, आफ्रिकी व पॅसिफिक बेटांवरील खलाशांसाठी लाइमहाउस येथे १८५७ मध्ये एक वसतिगृह उघडावे लागले. लंडनला उतरणाऱ्या हिंदी खलाशांत कोकणातले व गोमंतकातलेही असत. परतीचे जहाज मिळेपर्यंत त्यांनी कोठे राहावे याचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता. लाइमहाउसच्या गूढ, अफूबाज प्रतिमेत मात्र त्यांची गणना झाली.

कायद्यानेही या घडणीस हातभार लावला. १८४४ च्या इमारतविषयक कायद्याने राजधानीतील उपद्रवी व्यवसायांवर निर्बंध घातले. परंतु ली नदीच्या पलीकडचे वेस्ट हॅम एसेक्स परगण्यात, म्हणजे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर, होते. रसायने, साबण, खत व हाडे उकळण्याचे कारखाने तेथे वाढले, आणि त्यांच्यामागोमाग मजूरही गेले.

१८६६ च्या पटकीत या सर्वाचा कस लागला. लंडनमध्ये सुमारे साडेपाच हजार माणसे दगावली, त्यांतील बहुसंख्य पूर्व भागातील होती. बझलजेट याची नवी मैलावाहिनी शहराच्या इतर भागांत चालू झाली होती, पूर्वेत ती अपुरी होती. मृत्यूंच्या आकड्यांवरून विल्यम फार याने साथीचा माग ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या ओल्ड फोर्ड येथील पाण्यापर्यंत नेला. उघड्या तलावांत ली नदीचे दूषित पाणी मिसळले होते. दोष पाणीपुरवठ्याचा होता. पण लोकस्मृतीत कंपनीचे नाव राहिले नाही. राहिला तो पूर्वेकडचा रोगट मुलूख.

‘ईस्ट एन्ड’ हे नाव एका अखंड, भयावह प्रदेशाचे विशेषनाम म्हणून रूढ झाले ते १८८० च्या दशकात. १८८३ मध्ये अँड्र्यू मर्न्स याची बहिष्कृत लंडनवरील पुस्तिका गाजली, आणि १८८८ च्या व्हाइटचॅपेलमधील खुनांनी वृत्तपत्रांना महिनोन्‌महिने मजकूर पुरविला. नेमक्या याच वेळी चार्ल्स बूथ याने घरोघरच्या माहितीवर आधारलेली पाहणी हाती घेतली. तिचा पहिला खंड १८८९ मध्ये आला. त्यातील आकडे प्रचलित समजुतीस धक्का देणारे होते. पूर्व लंडन व हॅकनी मिळून सुमारे नऊ लाखांच्या वस्तीत गुन्हेगार व उनाड म्हणून गणलेला ‘अ’ वर्ग अवघा ११,०००, म्हणजे शेकडा सव्वा, भरला. दारिद्र्यात राहणारे पूर्वेत शेकडा ३५ होते; संपूर्ण लंडनसाठी पुढे निघालेले प्रमाण ३०.७ होते, आणि टेम्सच्या दक्षिणेस सदर्कच्या काही भागांत ते पूर्वेपेक्षाही अधिक आढळले. याचा अर्थ पूर्व भाग गरीब खराच, पण वेगळ्या जातीचा नव्हे.

आकडे मात्र थोड्यांनीच वाचले. नकाशा सर्वांनी पाहिला. बूथने रस्त्यांना रंग दिले होते, आणि सर्वांत खालच्या वर्गासाठी निवडलेल्या काळ्या रंगाच्या खुलाशात दुराचारी व अर्धगुन्हेगार ही विशेषणे होती. मिळकतीची पाहणी करता करता तिने नीतीचा निवाडाही देऊन टाकला. ज्या रस्त्यावर काळा रंग पडला त्यावरील कष्टाळू कुटुंबही काळे झाले. बेथ्नल ग्रीनमधील ओल्ड निकल ही वस्ती १८९० च्या दशकात पाडून लंडन काउंटी कौन्सिलने तेथे नव्या चाळी बांधल्या. १९०० मध्ये त्यांचे उद्घाटन झाले. जुन्या रहिवाशांपैकी अगदी मोजकेच तेथे परतू शकले, बाकीचे आसपासच्या गल्ल्यांत पांगले, आणि गर्दी तेवढी तिकडे सरकली.

मुंबईच्या अभ्यासकास येथे परळ आठवेल. एकेकाळी गव्हर्नरांचे निवासस्थान तेथे होते. १८५० नंतर गिरण्या त्या बाजूस पसरल्या. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे परळच्या बंगल्यात पटकीने निधन झाले, आणि गव्हर्नरांनी मलबार हिल जवळ केली. १८९९ मध्ये त्या बंगल्यात हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. म्हणजे एक प्रतिष्ठित उपनगर पाऊणशे वर्षांच्या आत मजूरवस्ती बनले, वाऱ्याची दिशा कायम असताना. गिरण्यांना मोकळी जमीन व रेल्वेचे सान्निध्य हवे होते. ते बेटाच्या मध्यभागी होते. पश्चिमेच्या वाऱ्याचा इंग्लिश सिद्धान्त प्रत्येक शहरास लावण्याचा मोह म्हणूनच आवरावा लागतो.

इंग्लंडपुरता मात्र त्याला अलीकडे भक्कम आधार मिळाला आहे. हेब्लिख, ट्र्यू व झिल्बरबर्ग यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७० शहरांतील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची सुमारे पाच हजार धुराडी नकाशावर मांडून धूर कोणत्या मोहल्ल्यांवर उतरत असे याचे गणित केले. धूर जेथे दाट होता तेथे अकुशल मजुरांची वस्ती दाट होती, हे अपेक्षितच होते. महत्त्वाचे असे की, धूर नाहीसा झाल्यानंतरही, २०११ च्या जनगणनेत, तोच ठसा उमटलेला दिसतो. डिसेंबर १९५२ च्या धुरकटानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. लंडनच्या गोद्या १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून एकामागून एक बंद पडल्या, शेवटच्या १९८१ मध्ये. वेस्ट इंडिया गोदीच्या जागी कॅनरी वॉर्फचे मनोरे उभे राहिले आणि स्पिटलफील्ड्समधील विणकरांची घरे धनिकांनी विकत घेतली. हे सारे टॉवर हॅम्लेट्स या एकाच विभागात घडले. आणि २०१० च्या दशकातील बालदारिद्र्याच्या पाहण्यांतही त्याच विभागाचे नाव देशात अग्रभागी होते.