मावशीच्या घरचा नाताळ

'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'नाताल' म्हणजे ख्रिस्तजन्माचा दिवस. वसईतून पोर्तुगीजांची सत्ता १७३९ मध्ये गेली, गोमंतकातून १९६१ मध्ये गेली. शब्द मात्र मागे राहिला. इंग्रजी अमदानीत कचेऱ्या, न्यायालये आणि शाळा डिसेंबरच्या अखेरीस बंद राहू लागल्या, तेव्हा ज्या घरांचा त्या सणाशी काडीचाही संबंध नव्हता, तेथील मुलेसुद्धा नाताळच्या सुट्टीची वाट पाहू लागली. उत्तर हिंदुस्थानात त्याच दिवसाला 'बडा दिन' म्हणतात. परंतु मुलांच्या लेखी दिवस मोठा होतो तो सुट्टीने, आणि या बाबतीत मराठी शब्दप्रयोगच अधिक नेमका म्हटला पाहिजे.

नाताळ म्हटले की डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. बाहेर बर्फ पडत आहे, आत शेकोटी पेटली आहे, दिव्यांनी सजविलेल्या झाडाभोवती मुले जमली आहेत आणि आईबाप कौतुकाने पाहत आहेत. हे चित्र शेकडो वर्षांचे जुने असावे अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ते अवघ्या दोनशे वर्षांतले आहे. आणि ते ज्या समाजाने रंगविले, त्याच समाजातील पुष्कळ मुलांना त्या चित्रात जागा नव्हती. अशाच एका मुलाचा जन्म मुंबईत झाला होता. त्याच्याकडे वळण्यापूर्वी हा सण घरात कसा शिरला हे पाहिले पाहिजे. कारण मुळात तो घरातला सण नव्हता.

जुन्या इंग्लंडातील नाताळ हा रस्त्यावरचा आणि प्रौढांचा सण होता. शेतीची कामे उरकलेली, धान्य घरात आलेले, नवी दारू उतरलेली. अशा दिवसांत गोरगरिबांच्या टोळ्या गाणी म्हणत श्रीमंतांच्या दारी जात, खाणेपिणे मागत, आणि ते मिळेपर्यंत हलत नसत. सोंगे निघत, चाकर धनी होई, काही काळ सारी रीत उलटी होई. आपल्याकडील शिमग्याची आठवण व्हावी असाच हा सर्व प्रकार होता. मुले त्या गर्दीत असत, पण त्यांच्यासाठी म्हणून वेगळे असे काही नसे. प्युरिटन पंथीयांना हा धिंगाणा मुळीच मान्य नव्हता. २५ डिसेंबर या तिथीला बायबलात आधार नाही, हा त्यांचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खराच होता. १६४७ मध्ये त्यांच्या वर्चस्वाखालील पार्लमेंटने नाताळ, ईस्टर इत्यादी सण रद्द केले. सण गेले म्हणजे सुट्ट्याही गेल्या, हे ध्यानात आल्यावर विद्यार्थी, उमेदवार कारागीर आणि नोकर यांना दर महिन्याचा दुसरा मंगळवार मोकळा देण्याचे त्याच वर्षी ठरले. हिशेबाने पाहिले तर मोकळे दिवस वाढलेच म्हणायचे. परंतु सण आणि सुट्टी या एक वस्तू नव्हेत, हे राज्यकर्त्यांना फार क्वचित उमगते. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला कँटरबरी येथे दुकाने उघडी ठेवण्याचा आग्रह झाला, तेव्हा लोकांनी उघड्या दुकानांची मोडतोड केली आणि भर रस्त्यात फुटबॉलचे चेंडू फेकले. १६६० मध्ये राजा परत आला आणि त्याच्यामागोमाग नाताळही आला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा सण रस्ता सोडून घरात शिरला. शहरे वाढली, कारखाने निघाले, मध्यमवर्ग नावारूपास आला. या वर्गाला दारात येणाऱ्या टोळ्यांचा आनंद वाटेनासा झाला होता. दरवाजा लावून घेतल्यावर कौतुक करावयाचे तर ते कोणाचे? घरातल्या लहानांचे. पूर्वी दारातल्या गरिबाला जे द्यावयाचे ते आता घरातल्या मुलाला देण्यात येऊ लागले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

झाडाची प्रथा जर्मनीकडची. तिसऱ्या जॉर्जची जर्मन राणी शार्लट हिने १८०० च्या डिसेंबरात विंडसर येथे लहान मुलांसाठी एक मेजवानी केली. तीत कुंडीत उभारलेल्या झाडाला बदाम, मनुका, फळे आणि खेळणी टांगली होती व मेणबत्त्या लावल्या होत्या. परंतु ही गोष्ट दरबारापुरतीच राहिली. १८४८ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकाने एक चित्र छापले : टेबलावर दिव्यांचे झाड आणि त्याभोवती राणी व्हिक्टोरिया, तिचा पती आल्बर्ट व त्यांची मुले. राजघराणे सिंहासनावर न दाखविता मुलांच्या घोळक्यात दाखविले होते, आणि लोकांच्या मनाने नेमके तेच घेतले. दोन वर्षांनी अमेरिकेतील एका महिला-मासिकाने तेच चित्र पुन्हा छापले. फक्त राणीच्या मस्तकावरील रत्नजडित पट्टा आणि आल्बर्टच्या मिशा तेवढ्या काढून टाकल्या. राजाराणीचे असे एका रात्रीत सुखवस्तू नवराबायको झाले.

याच काळातील दुसरी बाजू मात्र या चित्रात कोठेच नव्हती. १८३३ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. त्यातूनही रेशमाच्या गिरण्या वगळल्या होत्या. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास, त्यापुढील अठरा वर्षांपर्यंतच्यांना बारा तास, ही मर्यादा त्या काळी मोठी सुधारणा समजली गेली. त्याच कायद्यात एक लहानसे कलम आहे : या मुलांना नाताळ आणि गुड फ्रायडे हे दोन पूर्ण दिवस आणि वर्षातून आठ अर्धे दिवस सुट्टी द्यावी. या सर्वांवर देखरेख करण्यासाठी साऱ्या देशात चार निरीक्षक नेमण्यात आले. एका साम्राज्याच्या गिरण्या आणि चार माणसे! कायद्याचे कलम आणि त्याची अंमलबजावणी यांतील अंतर मोजण्यास हे प्रमाण पुरेसे आहे.

मुलांच्या कामासंबंधीच्या चौकशी-समितीचा दुसरा अहवाल १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून चार्ल्स डिकन्स अस्वस्थ झाला. स्वतः तो बाराव्या वर्षी, बाप कर्जापायी तुरुंगात असताना, बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवीत बसला होता. प्रथम त्याच्या मनात एक पत्रक काढावयाचे होते. झाली ती 'अ ख्रिसमस कॅरोल' ही गोष्ट. ती १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली आणि पहिल्या सहा हजार प्रती नाताळपूर्वीच संपल्या. त्यातील कंजूष स्क्रूज सर्वांच्या लक्षात राहतो. परंतु संसाराच्या दृष्टीने पाहिले तर खरा वाचण्याजोगा भाग बॉब क्रॅचिट या कारकुनाच्या घरचा आहे. आठवड्याला पंधरा शिलिंग पगार, सहा मुले, आणि वर्षातून ही एक सुट्टी, तीही धन्याने कुरकुरत दिलेली. घरात भट्टी नाही म्हणून बदक भाजण्यासाठी बेकरीत पाठवावे लागते. पुडिंग शिजते ते कपडे उकळण्याच्या हंड्यात. आणि थोरली मुलगी मार्था उशिरा येते, कारण ती टोप्यांच्या दुकानात उमेदवारी करते आणि आदल्या रात्रीचे काम संपवून सकाळी आवराआवर केल्याशिवाय तिला निघता आलेले नाही. या तपशिलांत डिकन्सने काहीही वाढवून सांगितलेले नाही. पुस्तकाची किंमत पाच शिलिंग होती, म्हणजे क्रॅचिटच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. ज्याच्यावर गोष्ट लिहिली त्याला ती विकत घेणे परवडले नसते.

घरातल्या नोकरचाकरांचे काय, हा प्रश्न उरतोच. सुखवस्तू घरातील तो मुलांचा सोहळा स्वयंपाकीण, दाई आणि मोलकरीण यांच्या खांद्यावर उभा होता. त्यांना मोकळीक मिळाली तर दुसऱ्या दिवशी, म्हणजे 'बॉक्सिंग डे'ला, पोस्ताच्या पेटीसह. आपल्याकडील दिवाळीची पोस्त आणि ही पेटी यांत फारसा फरक नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्लंडात हा दिवस बँकांच्या सुट्टीचा ठरला. स्कॉटलंडात जुन्या धर्ममताचा पगडा इतका की खुद्द नाताळचा दिवस तेथे १९५८ पर्यंत सार्वजनिक सुट्टीचा नव्हता.

याच १८७१ साली मुंबईहून एक इंग्रज कुटुंब विलायतेस निघाले. जॉन लॉकवुड किपलिंग हे सर जमशेटजी जिजीभॉय कलाशाळेत शिल्पाचे शिक्षक होते. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या दर्शनी कमानींवरील उठावाची शिल्पे त्यांचीच. त्यांचा मुलगा रडयार्ड ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला. त्याला सांभाळणारी आया पोर्तुगीज रोमन कॅथॉलिक, म्हणजे बहुधा गोमंतकीय. रस्त्यातल्या क्रूसापाशी ती थांबून प्रार्थना करी तेव्हा तो शेजारी उभा असे. मीता नावाचा हिंदू बेअरर त्याला देवळांत नेई. माहीमच्या माडांच्या बनातून फेरफटका, सकाळी फळबाजार, दुपारी झोपताना गोष्टी. विचार आणि स्वप्ने सर्व देशी भाषेत. आईबापांकडे जाताना आता इंग्रजी बोला, अशी नोकरांना त्याला आठवण करून द्यावी लागे.

हिंदुस्थानातील इंग्रज आपली मुले पाच-सहा वर्षांची झाली की मायदेशी ठेवीत. हवा, पटकी, ताप ही कारणे खरी होती. मुले नोकरांच्या सहवासात देशी होतील ही भीतीही तितकीच खरी होती. किपलिंग दांपत्याने साउथसी येथे अशी मुले पैसे घेऊन सांभाळणारे एक घर वर्तमानपत्रातील जाहिरातीवरून निवडले, सहा वर्षांच्या आतला रडयार्ड आणि तीन वर्षांची ट्रिक्स यांना तेथे सोडले, आणि ती दोघे मुंबईस परतली. मुलांना आधी काही सांगितलेले नव्हते. पुढील सहा वर्षे त्या घरात मुलाचा छळ झाला. मार, कोंडून ठेवणे, उलटतपासण्या. एकदा तर 'खोटारडा' असा फलक पाठीवर बांधून त्याला रस्त्यातून शाळेत पाठविण्यात आले. त्या घरच्या बाईला 'आंटी' म्हणावयाचे असे. मावशी, आत्या, काकू, मामी या सर्वांना इंग्रजीत एकच शब्द, आणि तो परक्या बाईलाही लावता येतो. मराठी मुलाला निदान या शब्दाने तरी फसविता आले नसते.

परंतु खरी मावशी लंडनमध्ये होती. आईची बहीण जॉर्जियाना, चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांची पत्नी. दर डिसेंबरात महिनाभर हा मुलगा तिच्या 'द ग्रेंज' या घरी जाई. नाताळ त्या महिन्यात आणि त्याचा वाढदिवसही त्याच महिन्यात. तेथे फिलिप आणि मार्गारेट ही मावसभावंडे होती, बागेत तिरपे वाढलेले तुतीचे झाड होते, घरभर रंगांचा आणि टर्पेंटाइनचा वास होता. दोन खुर्च्यांवर टेबल कलते ठेवून त्याची घसरगुंडी होई. संध्याकाळी मावशी 'अरेबियन नाइट्स' वाचून दाखवी. एकदा विल्यम मॉरिस मुलांच्या खोलीत आले, लाकडी घोड्यावर बसले, आणि घोडा करकरत असता मागेपुढे झुलत त्यांनी आइसलंडातील एक जुनी कथा सांगितली. संपली तसे उठून निघूनही गेले. आणखी एकदा काका भरदिवसा चित्रशाळेतून खाली उतरले. हातात तपकिरी रंगाची नळी. हा रंग इजिप्तच्या मृत राजांच्या देहांपासून करतात असे त्यांना नुकतेच कळले होते, तेव्हा त्याचे रीतसर दफन झाले पाहिजे! सर्व मुलांनी मिळून ती नळी बागेत पुरली. कोठे पुरली ती जागा किपलिंग म्हातारपणीही हातभर अंतराच्या आत दाखवू शकला असता.

भेटींच्या थाटाने किंवा झाडाच्या दिव्यांनी नव्हे, तर कोणी तरी आपल्याशी खेळावयास वेळ काढते या एका गोष्टीने त्या महिन्यात मूल वाचले. 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते, जरी माय जिवंत होती आणि मुंबईत नवऱ्याचा संसार सांभाळीत होती. जानेवारीत परत साउथसी. तेथले हाल त्याने मावशीला कधीच सांगितले नाहीत. पुढे तिने तसे वारंवार विचारले, तेव्हा त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा की, लहान मूल वाट्याला येईल ते कायमचेच समजून चालते. शिवाय बंदीखान्याच्या गोष्टी सुटका होण्यापूर्वी बाहेर सांगितल्या तर काय होते, हे मुलांना चांगले कळते.

१८७७ च्या वसंतात आई परत आली. पहिल्या रात्री त्याच्या खोलीत जाऊन ती मुका घेण्यासाठी वाकली, तेव्हा मुलाने चापट चुकविण्यासाठी हात वर केला. हे तिनेच त्याला नंतर सांगितले.

'द ग्रेंज'च्या फाटकावर घंटेची जाळीदार लोखंडी साखळ होती. ती ओढली की आत जावयास मिळे. मावशीचे ते घर पुढे रिकामे झाले. किपलिंगने १९०२ मध्ये ससेक्समधील बर्वॉश येथे 'बेटमन्स' हे घर विकत घेतले, तेव्हा त्याने ती साखळ मागून घेतली आणि आपल्या दाराशी लावली. ओढणाऱ्या मुलांनाही बरे वाटावे, एवढाच हेतू त्याने १९३७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर वर्षाने, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदविला आहे. त्या वेळी त्याची स्वतःची दोन मुले घरात होती, सहा वर्षांची एल्सी आणि पाच वर्षांचा जॉन.