आगाऊ पैसे पाठवणारी माणसे

माझ्या कपाटात एक लांबट वही आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी हैदराबादेत आम्ही तिघा मित्रांनी एक मराठी अनियतकालिक काढले होते, त्याच्या वर्गणीदारांची. चार अंकांचे पैसे आगाऊ घेतले आणि दोनच अंक निघाले. वहीत बेचाळीस नावे आहेत. प्रत्येक नावापुढे दोन बरोबरच्या खुणा आणि दोन रिकामे चौकोन. ही वही आठवली की मला जॉन प्राइन या अमेरिकन गायक-गीतकाराचा ‘एमलेस लव्ह’ हा 1984 सालचा अल्बम आठवतो. फोक आणि कंट्री यांच्या सीमेवरची ती गाणी मला आवडतातच. पण तो अल्बम निघाला कसा, हा इतिहास मला त्याहून जास्त छळतो.

प्राइनचा जन्म 1946 चा, शिकागोजवळच्या मेवूडमधला. घराणे मात्र केंटकीतल्या म्यूलनबर्ग काउंटीचे, म्हणजे कोळशाच्या मुलखातले. केंटकीतून पोटासाठी उत्तरेकडच्या कारखान्यांत गेलेल्या असंख्य कुटुंबांपैकी हे एक. अशा घरांत गावाकडची कंट्री गाणी रेडिओवर चालू असत. गिटार त्याला थोरल्या भावाने शिकवली, पुढे तो शिकागोच्या ‘ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक’मध्ये गेला. त्यामुळे घरात कंट्री आणि शहरात फोक अशी दोन्ही त्याच्या कानांत एकदमच मुरली.

मुळात ही दोन नावे गाणाऱ्यांनी दिलेली नाहीत. 1923 साली अटलांटात फिडलिन जॉन कार्सनचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गावाकडच्या गोऱ्या गायकांच्या तबकड्यांनाही गिऱ्हाईक आहे हे कंपन्यांना कळले. त्यांनी या गाण्यांना ‘हिलबिली’ म्हटले. कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची ‘रेस रेकॉर्ड्स’ ही यादी वेगळी ठेवली. गायकांनी परस्परांचे ऐकून उचललेली गाणी दुकानात अशी दोन फळ्यांवर गेली. 1927 मध्ये ब्रिस्टल गावी राल्फ पिअरने कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांचे पहिले ध्वनिमुद्रण केले. गायकाला एका गाण्याचे पन्नास डॉलर आणि विक्रीवर थोडी रॉयल्टी मिळे. पिअर स्वतः कंपनीकडून पगाराऐवजी गाण्यांचे प्रकाशनहक्क घेई. गाणे कोणाचे, हा प्रश्न या संगीताच्या जन्माइतकाच जुना आहे.

प्राइन पोस्टमन होता. मध्ये सैन्यात भरती होऊन पश्चिम जर्मनीत वाहनदुरुस्तीचे काम करून आला आणि पुन्हा टपालाची थैली खांद्याला लावली. रोजचा रस्ता पायांना पाठ, त्यामुळे डोके मोकळे. चालता चालता गाणी जुळत. 1970 साली शिकागोच्या एका लहानशा क्लबात तो गात असताना चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी ऐकले आणि ‘सन-टाइम्स’मध्ये या गाणाऱ्या पोस्टमनवर लिहिले. पुढच्याच वर्षी अटलांटिक कंपनीने त्याचा पहिला अल्बम काढला.

त्या अल्बमातले ‘पॅराडाइज’ हे गाणे वडिलांच्या मुलखातल्या, ग्रीन नदीकाठच्या त्याच नावाच्या गावाविषयी आहे. गाण्यात गाव नेते ती कोळशाची कंपनी. इतिहासाचा वाचक म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. पृष्ठभाग खरवडून काढलेल्या खाणींनी तो मुलूख ओरबाडला हे खरेच, पण गावातली शेवटची घरे 1967 च्या सुमारास टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी संस्थेने विकत घेऊन पाडली, कारण तिच्या वीजकेंद्राची राख गावावर पडत होती. गाण्याने दोन आरोपींपैकी एकाचेच नाव घेतले. तरीही ते गाव आज लोकांच्या आठवणीत आहे ते गाण्यामुळेच. प्राइनने सांगितलेली एक आठवण अशी: मुद्रित गाणे त्याने वडिलांना ऐकवले तेव्हा ते उठून शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. ते ज्यूकबॉक्सवर वाजते आहे असे त्यांना वाटून घ्यायचे होते.

अटलांटिककडे चार आणि असायलमकडे तीन अल्बम झाल्यावर, 1980 नंतर, प्राइनने मोठ्या कंपन्या सोडल्या. मॅनेजर अल बुनेटा यांच्यासोबत 1981 मध्ये ‘ओ बॉय रेकॉर्ड्स’ ही स्वतःची लहान कंपनी काढली. नव्या अल्बमची वार्ता पसरल्यावर श्रोत्यांनीच पैसे पाठवले, आणि खर्च निघेल इतकी रक्कम अल्बम निघण्याआधीच जमा झाली. थैलीतून दुसऱ्यांची पत्रे वाटणाऱ्या माणसावर गाणे ऐकणाऱ्यांनी न ऐकलेल्या गाण्यांसाठी विश्वास टाकला.

मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तके नोंदवणारे आपण सारे तिच्यातच वाढलो. 1977 साली अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या, तेव्हाही मोठ्या छापखान्याबाहेरच्या वाचकांवर भिस्त ठेवणे हाच मार्ग होता.

पण स्वतंत्र या शब्दाला मी फार शेंदूर फासणार नाही. ‘एमलेस लव्ह’मधले ‘अनवेड फादर्स’ हे गाणे प्राइनने बॉबी ब्रॅडॉकबरोबर लिहिले. बसस्थानकावर एकटी बसलेली गरोदर पोरगी आणि नामानिराळे राहिलेले बाप, हा त्याचा विषय. हे गाणे टॅमी वायनेटने 1983 मध्येच गायले होते. त्याच वर्षी प्राइनने रॉजर कुकबरोबर लिहिलेले एक गाणे डॉन विल्यम्सच्या आवाजात कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या ज्या बाजारातून तो गायक म्हणून बाहेर पडला, तिथेच गीतकार म्हणून त्याचे नाणे चालत होते. फरक इतकाच की आता आपल्या आवाजातल्या गाण्यांवर मालकी त्याची होती.

हा मार्ग टिकला. 1991 चा ‘द मिसिंग इयर्स’ याच लहान कंपनीने काढला आणि त्याला समकालीन फोक अल्बमचे ग्रॅमी मिळाले. 1998 मध्ये मानेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आवाज खाली उतरून खरखरीत झाला, तरी तो गात राहिला. 2018 चा ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. एवढ्या वर एकाही मोठ्या कंपनीने त्याला नेले नव्हते. 7 एप्रिल 2020 रोजी कोविडने त्याचा मृत्यू झाला.

त्या आठवड्यात टाळेबंदीत मी वही काढली. बेचाळीसपैकी अकरा जण गेल्याचे मला ठाऊक होते. आम्ही वाईट माणसे नव्हतो; कागद महागला, एकाची बदली झाली, एकाचे लग्न झाले. पण आगाऊ पैसे पाठवणारा माणूस विकत घेत नसतो, तो वाट पाहतो. प्राइनच्या श्रोत्यांना त्यांची तबकडी मिळाली, आमच्या वर्गणीदारांना पत्रसुद्धा नाही. परवापासून उरलेल्यांना एकेक पोस्टकार्ड लिहितो आहे. आठ झाली आहेत.