रविवार, साडेनऊ, वांगणी

चपला बाहेर काढा आणि कुठे काढल्या ते लक्षात ठेवा. ओटीसमोर ढीग पडलाय: रबरी स्लिपर, प्लास्टिकचे बूट, जोडीदार हरवलेली एक कोल्हापुरी. साल 1987, उन्हाळ्याचे दिवस. वांगणी स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका कौलारू घरात तुम्ही शिरताय. सव्वानऊ वाजून गेलेत, म्हणजे तुम्हाला उशीरच झालाय.

आत मुंगीला शिरायला जागा नाही. तरी तुम्ही बसाल. "सरक गं जरा, पाहुणं आलंय," असं कुणीतरी म्हणेल, माजघरापर्यंत एक लाट सरकेल आणि तुमच्यापुरती जागा होईल. शेणाने सारवलेली जमीन मांडीला गार लागते. गारवा काय तो तेवढाच, कारण व्होल्टेज कमी म्हणून घरच्या काकांनी पंखा बंद ठेवलाय. पंखा फिरला की पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसतं. खोबरेल तेल, घाम, उदबत्ती आणि मागच्या दाराने येणारा चुलीचा धूर, सगळं एकाच श्वासात आत घ्या. पुढ्यातल्या पोराच्या बोटांना करवंदाचा चीक लागलाय. तो बोटं तुमच्याच बाहीला पुसतो. रागावू नका, त्याचं लक्ष नाही.

लक्ष आहे ते कोपऱ्यातल्या लाकडी पेटीकडे. तिचं सरकतं शटर अजून बंद आहे. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर स्टॅबिलायझर, आणि सगळ्याला मिळून एक झेंडूचा हार. काकूंनी सकाळीच हळदकुंकू वाहिलंय. काका शटर सरकवतात, बटण खटकन फिरवतात. आधी आवाज येतो, चित्र मागाहून. जाहिराती सुरू आहेत, आणि निरमाचं गाणं सगळी पोरं एका सुरात म्हणतात. पण चित्रावर मुंग्या!

"अरे, कावळा बसलाय अँटेनावर!"

दोघे धावत बाहेर जातात, एक जण कौलांवर चढतो. मुंबईहून येणारी लहर इथे पोचेपर्यंत डोंगरांनी दमवलेली असते, त्यामुळे अँटेनाची दिशा बोटभर हलली तरी राम दोन दिसतात. "आलं?" "नाही!" "आता?" "आलं, आलं... गेलं! मागे घे!" ही हाक कौलावरून ओटीवर, ओटीवरून खिडकीत आणि खिडकीतून टीव्हीपाशी पोचते. मग एकदम सगळे ओरडतात, "बस्स! हात लावू नको!"

साडेनऊ. 'रामायण' लागतं, घर गप्प होतं.

रवींद्र जैन यांचं संगीत सुरू होताच तुमच्या शेजारची आजी पदर सावरून हात जोडते. राम झालेल्या अरुण गोविलचं पीतांबर या कृष्णधवल पडद्यावर राखाडी दिसतं, पण आजीला ते पिवळंच दिसतंय. तिला हिंदी येत नाही, आणि तिचं काही अडतही नाही. श्रीधरस्वामींचा 'रामविजय' तिने चातुर्मासात इतक्यांदा ऐकलाय, की पात्राने तोंड उघडण्याआधीच पुढे काय होणार ते ती पुटपुटते. मागे भिंतीला टेकलेले आजोबा 1955 च्या गोष्टी सांगतात. तेव्हा पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला 'गीतरामायण' लागायचं आणि रेडिओभोवती अशीच माणसं जमायची. "गप बसा हो," आजी म्हणते.

आणि मग पडद्यावर कौसल्या येते.

बायकांच्या बाजूला कुजबूज उठते: जयश्री गडकर! रामानंद सागरांची ही मालिका अख्ख्या देशाची, चित्रीकरण गुजरातेत उंबरगावला. पण राजवाड्यात ही आपली मराठी, घरची माणसं बसलीत. दशरथ झालेत बाळ धुरी, कौसल्येचे खरोखरीचे यजमान. मंथरा ललिता पवार, भरत संजय जोग. जत्रेतल्या तंबूत जिला बघितली ती गडकर आता मुलाला वनवासाला धाडते आहे, आणि घरी नवरा जमिनीवर कोसळलाय. तुमच्या शेजारी आजी हुंदका देते. तिच्या पलीकडची तरणी सून, जिच्या मांडीवर दूधपितं पोर आहे, ती पोराला आणखी घट्ट धरते. मंथरेला मात्र दोन-तीन खणखणीत शिव्या बसतात. ललिता पवारांना याहून मोठी दाद कुठे मिळाली असेल, मला माहीत नाही.

तेवढ्यात कर्जत लोकल येते. भांडी किणकिणतात, दशरथाचं वाक्य भोंग्यात बुडतं. घरभरातून एकच "श्शी!" उमटतो. खिडकीच्या गजांना लटकलेली पोरं मान वळवून फलाटाकडे बघतात. नेहमी या गाडीला केवढी झुंबड असते; आज मोजकी माणसं उतरतात, आणि तीही पळतच गावाकडे येतात.

आजचा भाग संपतो. कुणी लगेच उठत नाही. मग मांड्या मोकळ्या होतात, पायाला मुंग्या आल्याची तक्रार होते, काकू माठातलं पाणी फिरवतात. एकच तांब्या, सगळ्यांना. रामायणाचे मिळून 78 भाग झाले आणि 31 जुलै 1988 ला मालिका संपली. पुढे 2 ऑक्टोबरला महाभारत लागलं, तेव्हाही ढीग पडला तो याच ओटीसमोर. ऐंशीच्या दशकात मोठे सिनेमे आले, गाणी गाजली, 1983 चा विश्वचषकही आला. पण त्या दशकाचा कळस विचाराल तर मी या पाऊण तासाकडेच बोट दाखवीन, आणि पडद्यापेक्षा जास्त या खोलीकडे.

आपलं घर दर रविवारी गावाला मोकळं करून देणारे ते काका-काकू आता सत्तरी-ऐंशीच्या घरात असतील. तुमच्या गावातही असे कुणी असतील. येत्या रविवारी सकाळी त्यांच्याकडे जा, आणि फोन पिशवीत ठेवून तासभर बसा.